झटका की नुसती थरथर?

बाळाचं अंग अचानक थरथरतं, झोपेत हातपाय उडतात, मान एका बाजूला कलते... आणि नव्याकोऱ्या आई-बाबांची झोप उडते. यातल्या बऱ्याच गोष्टी आल्या तशा निघून जातात. पण सगळ्याच नाही! मग फरक ओळखायचा कसा?

प्लॅन तर झक्कास होता. महिनाभर डेडलाइन्सनी जीव खाल्लाय, बॉसने कशीबशी सोमवारची सुट्टी दिलीय आणि सहा महिन्यांच्या पिल्लाची ही पहिलीवहिली अलिबाग ट्रिप. पहाटे निघालात, पेण मागे टाकलंत आणि वडखळ नाक्यापाशी येऊन अडकलात. गोवा हायवे इथून सरळ पुढे जातो आणि अलिबागचा रस्ता उजवीकडे फुटतो. वीकएण्डला अख्खी मुंबई त्या उजव्या वळणासाठी इथे जमलेली असते. गाडी इंचाइंचाने सरकतेय, कुणी वडापाव घ्यायला उतरलंय, कुणी पेणचे पापड. मागच्या सीटवर आई बाळाला मऊ खिचडीचा घास भरवतेय.

आणि तेवढ्यात बाळ थरथरतं. डोकं, मान, खांदे... पाठीवर कुणी गार पाणी ओतावं तसं. तीन सेकंद, फार तर चार. मग बाळ पुन्हा खिचडीकडे बघून तोंड उघडतं. जणू काही झालंच नाही!

''अरे, बघितलंस? फिट आली का रे?''

''अगं, शहारलं असेल...''

दोघांच्याही पोटात गोळा. गाडी पुढे न्यायची की मागे वळवायची? अलिबाग अजून वीस-पंचवीस किलोमीटर, पेण मागे सात-आठ. मुलांच्या मेंदूचे डॉक्टर हवे असतील तर मुंबईच गाठायला हवी. तिथे पोचेपर्यंत बाळ खिदळत असणार आणि डॉक्टरांना दाखवायला तुमच्याकडे काय असणार? फक्त तुमचं टेन्शन!

हा नाका आणि ही गाडी आपण कल्पनेतली घेतलीय. प्रसंग मात्र रोज कुठल्या ना कुठल्या घरात घडतो. म्हणूनच या थरथरीचा फंडा जरा नीट समजून घेऊया.

वायरिंग चालू आहे!

ताबा घेतलेल्या नव्या फ्लॅटमध्ये पहिले काही दिवस दिवे फडफडतात, एक बटण दाबावं तर भलताच पंखा फिरतो. लहान बाळाचा मेंदू साधारण तसाच असतो. नसांवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण चढायचं काम जन्मानंतरही काही वर्षं चालू राहतं. तारेवरच्या प्लास्टिकसारखंच हे आवरण. ते चढेपर्यंत हालचालींवरचा ताबा कच्चा असतो. नवजात बाळ दार आपटल्यावर दचकून दोन्ही हात फैलावतं, रडताना त्याची हनुवटी थरथरते. दचकण्याची ती सवय चार ते सहा महिन्यांत जाते.

पण काही बाळांमध्ये याच्या पुढच्या, जास्त घाबरवणाऱ्या हालचाली दिसतात. डॉक्टरांच्या पुस्तकात त्यांना वेगवेगळी भारदस्त नावं आहेत. दिसायला त्या फिटसारख्या, पण फिट नव्हेत. आणि ठराविक वयात आपोआप गायब होतात.

झोपेतला ब्रेकडान्स

पहिला नंबर झोपेतल्या झटक्यांचा. बाळ जेमतेम काही दिवसांचं. गाढ झोपलंय आणि एकदम हात उडतो, मग पाय, मग दोन्ही. एकामागून एक, कधी कधी कितीतरी मिनिटं. आजी म्हणते, ''सटवाई खेळवतेय हो त्याला.'' आई मात्र घामाघूम! डॉक्टर याला बिनाइन निओनेटल स्लीप मायोक्लोनस म्हणतात. 1982 साली कूल्टर आणि ॲलन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी त्याचं पहिल्यांदा नीट वर्णन केलं.

याची खूण एकदम सोपी आहे. झटके फक्त झोपेत येतात आणि बाळाला जागं केलं की तिथल्या तिथे थांबतात. खरी फिट अशी उठवल्याने थांबत नाही. गंमत म्हणजे एका लयीत हलवल्याने हे झटके उलट वाढू शकतात. म्हणजे पाळण्याचे झोके किंवा चालत्या गाडीचा हिंदोळा! हातपाय घट्ट दाबून धरण्यानेही उपयोग होत नाही. बहुतेक बाळांमध्ये हे सगळं तीन ते सहा महिन्यांत संपतं. औषध लागत नाही. उलट फिट समजून दिलेल्या काही औषधांनी ते वाढल्याचीही उदाहरणं आहेत.

गार पाण्याचा शहारा

वडखळ नाक्यावरच्या आपल्या बाळाला झालं ते बहुधा हेच... शडरिंग अटॅक. साधारण चार-सहा महिन्यांनंतर सुरू होतो. खाताना, खूश झाल्यावर, एखादं खेळणं दिसल्यावर डोकं आणि खांदे काही सेकंद थरथरतात. दिवसातून एकदा होईल, नाहीतर वीसदा. पण त्या वेळी बाळ शुद्धीवर असतं, नजर तुमच्यावर असते आणि शहारा संपला की खेळ पुढे चालू. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी काढला तर तो नॉर्मल येतो. बाळ वाढत जातं तसा हा शहारा कमी होत होत संपतो.

मान वाकडी, पालक तिरके!

तिसरा प्रकार जरा विचित्रच. सकाळी बाळ उठतं ते मान एका बाजूला कलवूनच. घरचे म्हणतात, उशी बदला, मान अवघडलीय. काही तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी मान आपोआप सरळ. महिन्याभराने पुन्हा तेच, या वेळी कदाचित दुसऱ्या बाजूला! सोबत उलटी, चिडचिड, चेहरा पांढुरका. हा बिनाइन पॅरॉक्सिझमल टॉर्टिकॉलिस. 1969 साली स्नायडर नावाच्या डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद केली. याचं नातं मायग्रेनशी आहे. अशा बऱ्याच बाळांच्या घरात आईला किंवा मावशीला अर्धशिशीचा त्रास असतो. तीन ते पाच वर्षांचं होईपर्यंत तो जातो. मात्र पहिल्यांदा मान वाकडी झाली की डॉक्टरांना दाखवायलाच हवं. घशातला जंतुसंसर्ग, पडल्याचा मार अशी दुसरीही कारणं असू शकतात.

चौथा, मान डोलावणारा. बाळ 'हो-हो' किंवा 'नाही-नाही' म्हटल्यासारखं डोकं हलवतं आणि नीट पाहिलं तर त्याची बुबुळंही भराभर थरथरत असतात. याचं नाव स्पॅझमस न्यूटन्स. हाही काही वर्षांत जातो. पण डोळ्यांच्या नसेवरची गाठ कधी कधी हुबेहूब असंच सोंग घेते. त्यामुळे डोळ्यांची तपासणी आणि मेंदूचा स्कॅन झाल्याशिवाय 'जाईल आपोआप' म्हणायचं नाही.

आणि प्ले ग्रुपवाल्यांनो, तुम्हीही ऐका. चार-पाच वर्षांची मुलं अचानक डोळे मिचकावायला, खांदे उडवायला, नाक मुरडायला लागतात. हे टिक्स. बहुतेकांचे वर्षाच्या आत जातात. 'असं करू नकोस' म्हणून दिवसातून पन्नास वेळा टोकलंत, तर हमखास वाढतात!

डॉक्टरांसमोर एकदम साळसूद

आता खरी गोची. या सगळ्या हालचाली काही सेकंदांच्या. तुम्ही दोन तास प्रवास करून, तासभर नंबर लावून केबिनमध्ये शिरता आणि तुमचं लाडकं डॉक्टरांकडे बघून गोड हसतं. 'काय झालं होतं?' या प्रश्नावर आई एक सांगते, बाबा दुसरंच आणि आजी तिसरंच. तपासणीत सगळं नॉर्मल. मग एकतर 'काही नाही हो' म्हणून घरी पाठवणी, नाहीतर नको तेवढ्या टेस्ट आणि कदाचित नको असलेलं फिटचं औषध.

यावर एकच हुकमी उपाय आहे आणि तो तुमच्या खिशात आहे. मोबाइलचा व्हिडिओ! तीस सेकंदांची क्लिप डॉक्टरांना जे सांगते ते अर्ध्या तासाच्या वर्णनातून कळत नाही. आणि हा उपाय वरळीच्या टॉवरमधल्या आईला जेवढा उपलब्ध आहे, तेवढाच वडखळजवळच्या पाड्यावरच्या आईलाही. जिथे मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट पोचत नाहीत, तिथे क्लिप पोचते.

सावधान! हा सलाम वेगळा आहे

क्लिपचं महत्त्व सगळ्यात जास्त कुठे आहे ते आता वाचा. कारण वरच्या सगळ्या निरुपद्रवी मंडळींसारखाच दिसणारा एक खतरनाक पाहुणा आहे... इन्फंटाइल स्पॅझम्स.

1841 सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या टनब्रिज गावचे डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलला पत्र लिहिलं. पेशंट कोण? त्यांचाच मुलगा! चार महिन्यांचा असताना त्याचं डोकं अधूनमधून थोडं पुढे झुकायला लागलं. मग हे झुकणं वाढलं, एकामागून एक व्हायला लागलं. मुलगा वाकून सलाम करतोय असं वाटायचं. हळूहळू त्याचं हसणं, बघणं, खेळणं मंदावत गेलं. कुणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा, अशी विनवणी त्या बापाने पत्रात केली होती. तेव्हा व्हिडिओ कॅमेरा नव्हता, त्यांनी शब्दांनीच शूटिंग केलं. ते इतकं अचूक होतं की आजही या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात.

तीन महिने ते एक वर्ष हे याचं नेहमीचं वय. एक झटका फक्त एक-दोन सेकंदांचा असतो. मान झुकते, हात फैलावतात किंवा पोटाशी येतात. पण तो एकटा येत नाही. पाच, दहा, वीस अशी रांग लागते, बहुतेकदा झोपेतून उठल्या उठल्या. घरच्यांना वाटतं बाळ दचकतंय, पोटात मुरडा येतोय. ग्राइप वॉटर देऊन बघतात, दृष्ट काढतात आणि आठवडे निघून जातात. इथे आठवडे जाणं परवडत नाही! वेस्ट यांच्या मुलासाठी तेव्हा औषध नव्हतं. आज स्टेरॉइड्स, एसीटीएच, व्हिगाबॅट्रिन अशी औषधं आहेत आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितकी मुलाची पुढची वाढ वाचण्याची शक्यता जास्त. यात ईईजी बिघडलेला असतो, म्हणून निदान पक्कं करता येतं. फक्त कुणीतरी वेळेत शंका घ्यायला हवी.

मग घरच्या घरी ओळखायचं कसं? एकच प्रश्न स्वतःला विचारा. माझं बाळ पुढे जातंय की मागे? नाक्यावर शहारणारं बाळ गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात जास्त हसतं, वस्तू पकडतं, तुमचा आवाज ओळखतं. स्पॅझम्सवालं बाळ हसायचं थांबतं, नजर देईनासं होतं, धरलेली मान सोडतं. थरथर किती भयंकर दिसते यावर जाऊ नका. थरथरीच्या मधल्या वेळात बाळ कसं आहे ते बघा.

थरथर थांबली, पण...

आता आपल्या देशाची खास गोष्ट. 1962 साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले एम. जाधव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बाळांच्या एका आजारावर लेख लिहिला. आईच्या दुधावर वाढणारी बाळं, फिकट, मंदावलेली, बोटांच्या पेरांवर काळसर डाग. शिकलेल्या गोष्टी विसरत चाललेली. आणि त्यांना असायचं व्हिटॅमिन बी-12 कमी. आया शाकाहारी, त्यांच्याच अंगात बी-12 नव्हतं, तर दुधात कुठून येणार?

अशा बऱ्याच बाळांना सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान एक चमत्कारिक कंप सुटतो. डोकं, हात, कधी आवाजसुद्धा थरथरतो, झोपेत मात्र शांत. याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात. ही थरथर काही आठवड्यांत थांबते आणि नेमका तिथेच घोळ होतो. घरच्यांना वाटतं, सुटलो! पण आतली कमतरता तशीच राहिली तर बाळ चालण्या-बोलण्यात मागे पडत जातं. दुसरी गंमत, बी-12 सुरू केल्यावर कधी कधी थरथर आधी येते किंवा वाढते. तेव्हा घाबरून औषध बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

हे फक्त गरीब घरातलं, असं समजू नका हं! पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. दर तिघींपैकी जवळपास दोघींचं बी-12 कमी निघालं. पुढे त्यांनी पुण्यातले पुरुष तपासले. तिथेही, अगदी शहरी मध्यमवर्गातही, तेच चित्र!

खरं तर लागतं किती? दिवसाला अडीच-तीन मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले तीन! मासे, अंडी, मटण, दूध, दही यांतून ते मिळतं. खाडीकाठच्या घरात तिसऱ्यांचं कालवण होत असेल तर मजाच आहे, शिंपल्यातले हे जीव म्हणजे बी-12चा खजिना. पण डिंकाचे लाडू, अळीव, मेथी, नाचणीसत्त्व यांत बाकी कितीही गुण असोत, बी-12 नाही. त्यामुळे शुद्ध शाकाहारी आणि दूधही न आवडणाऱ्या मैत्रिणींनो, गरोदरपणात हिमोग्लोबिनसोबत बी-12 तपासून घ्या. कमी असेल तर गोळी किंवा इंजेक्शन, दोन्ही फार महाग नाहीत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. त्यानंतर मात्र उष्टावण लांबवू नका. वरण-भातासोबत दही, दुधातली खीर आणि घरात चालत असेल तर अंडं-मासे, हळूहळू सगळं येऊ द्या.

गाडीत, घरात, कुठेही... हे करा

• मोबाइल काढा. पूर्ण बाळ फ्रेममध्ये घ्या, चेहरा आणि डोळे दिसू द्या. किती वेळ चाललं ते बघा.

• बाळाला नावाने हाक मारा. बघतंय का? थरथरणारा हात अलगद धरा. नुसता कंप धरल्यावर थांबतो, फिट धरूनही चालूच राहते.

• झोपेत होतं की जागं, खाण्याआधी की नंतर, ताप होता का, हे मोबाइलमध्येच लिहून ठेवा.

• बाळ शुद्ध हरपलं तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, दातखिळी उघडणं... सगळं बंद!

• झटका पाच मिनिटांवर गेला, बाळ निळं पडलं, श्वास अडखळला तर थांबायचं नाही. 108 ला फोन आणि सगळ्यात जवळचं हॉस्पिटल. वडखळला असाल तर मागे पेणचं उपजिल्हा रुग्णालय आहे. अशा वेळी मुंबई गाठायचा हट्ट नको.

• महिन्याच्या आतलं बाळ जागेपणी थरथरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. रक्तातली साखर किंवा कॅल्शियम कमी झालेलं असू शकतं.

• झटक्यांची रांग लागतेय किंवा बाळ शिकलेलं विसरतंय? एक-दोन दिवसांत मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे. परळच्या वाडिया हॉस्पिटलसारख्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयात ही सोय असते. गावाकडच्या नातलगांना अंगणवाडीतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तपासणी आणि पुढची चिठ्ठी मिळू शकते.

• बाकी सगळं, म्हणजे बाळ हसरं, खेळकर आणि थरथर सेकंदांची? क्लिप घ्या आणि पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.

यंग पेरेंट्स, तुमच्या मोबाइलमध्ये बाळाचे आधीच हजारभर फोटो असतील. हसतानाचे, रांगतानाचे, पहिल्या दाताचे. त्यात एक क्लिप अशीही असू द्या, जी कुणाला फॉरवर्ड करायची नाही, फक्त डॉक्टरांना दाखवायची. नव्वद टक्के टेन्शन तिथेच उतरेल. आणि उरलेल्या दहा टक्क्यांत तुमच्या बाळाचे लाखमोलाचे आठवडे वाचतील!